लॅट्व्हियन लेखक वाचून काय मिळतं?

"एवढ्याशा देशाचा लेखक वाचून काय मिळणार, आणि वाचायचाच झाला तर कोणता?" असं तुम्ही विचारलंय. यातला पहिला अर्धा प्रश्न मला आमचे काका गेली कित्येक वर्षं विचारतायत, तेव्हा उत्तर जरा तिरकं वाटलं तर पोटात घाला.

दुसरा अर्धा आधी उरकतो. रुडॉल्फ्स ब्लाउमानिस, कथा 'नावेस एना' (मृत्यूच्या छायेत), १८९९. बाकीचं नंतर.

मी रीगात, म्हणजे लॅट्व्हियाच्या राजधानीत, नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. घरमालकीण आजी माझ्या नावाला 'स' जोडून हाक मारायची. तिकडे पुरुषाचं नाव असं संपलं नाही तर त्यांना चैन पडत नाही, शेक्सपिअरचासुद्धा त्यांनी 'शेक्सपीर्स' केलाय. एका फेब्रुवारीत तिने मला समुद्रावर नेलं. समुद्र कसला, पांढरं माळरान! दूरवर माणसं बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसलेली. मी मोठ्या ऐटीत दहा-बारा पावलं पुढे गेलो आणि पायाखाली जुन्या वाड्याची तुळई करकरावी तसा आवाज आला. उलट्या पावली पळालो. आजी हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. घरी आल्यावर तिने कपाटातून शाळेतलं, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं पुस्तक काढलं आणि रोज रात्री एक पान, असं वाचून दाखवायला लागली.

कथा तेवढीच आहे. कोळी बर्फावर मासे धरायला गेलेत, बर्फाचा तुकडा किनाऱ्यापासून सुटतो आणि त्यांना घेऊन खोल समुद्रात वाहत जातो. दिवस जातात, तुकडा झिजत जातो. शेवटी नाव येते, पण तिच्यात सगळे मावणार नाहीत. चिठ्ठ्या टाकतात. नावेत जागा मिळालेला बिर्केनबाउम्स ती कार्लेन्स या पोराला देतो आणि स्वतः मागे राहतो. कुठेही गळा काढलेला नाही. आजीने त्या पानावर नुसतं बोट ठेवलं आणि दिवा घालवला.

परत आल्यावर हे सगळं मी एका लग्नात जेवणाच्या पंगतीत काकांना सांगितलं. काका ताटातली जिलेबी मोडत म्हणाले, "अठरा-एकोणीस लाख लोकांचा देश! त्यांची भाषा शिकून करणार काय? आपल्या मराठीचंच काय झालंय बघ." (नातवंडं इंग्रजी शाळेत, हे वेगळं सांगायला नको.)

तेव्हा सुचलं नाही ते आता लिहितो. ब्लाउमानिस १८६३चा, एर्ग्ली गावच्या जहागिरीतला, बाप तिथला आचारी. देश रशियन झारचा, जमिनी जर्मन जहागीरदारांच्या, शहाण्यांची भाषा जर्मन. हा रीगात जर्मन शाळेत शिकला आणि पहिलं छापलेलं लिखाणही जर्मनच. तिथेच थांबला असता तर त्याला कोणी नावं ठेवली नसती. पण तो वळला लॅट्व्हियनकडे, मोलकरणी, मोतद्दार, कुळं जी बोलत होती त्या भाषेकडे. 'आंद्रिक्सोन्स'मधलं कूळ जहागीरदाराचं जंगल पेटवून देतं. 'राउदुपिएते'मधली तरुण विधवा स्वतःच्या अपंग पोराच्या जिवावर उठते, ते वाचून मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. हे त्या माणसांच्याच भाषेत लिहायला हवं होतं. आणि तो सगळा अंधारच लिहायचा असंही नाही. त्याचं 'स्क्रोदेरदिएनास सिल्माचोस' (१९०२) हे विनोदी नाटक तिकडे जूनमधल्या यानी सणाच्या सुमारास आजही होतं.

काकांचा पुढचा मुद्दा असणार, "मिळालं काय त्याला?" फार नाही. क्षयाने १९०८ साली फिनलंडमधल्या एका आरोग्यधामात गेला, पंचेचाळीसाव्या वर्षी. पण आजीच्या शाळेच्या पुस्तकात होता ना तो, आणि जहागीरदार कोण होते ते तिलाही आठवत नव्हतं.

तेव्हा तुम्ही लोकसंख्या मोजत बसू नका, वाचा. इंग्रजीतून वाचलंत तरी चालेल. माझी लॅट्व्हियन दुकान-बाजारापुरतीच, अर्ध्याहून अधिक मला आजीच्या हातवाऱ्यांनी कळलं, तेव्हा माझ्या शब्दावर फार विसंबू नका.

आणि एक कबुली. जर्मनही त्याने पुरती सोडली नाही, काही गोष्टी दोन्ही भाषांत लिहिल्या. हे काकांना मी अजून सांगितलेलं नाही.