राफ्ट की ड्रिफ्ट बोट? नदीत गळ टाकणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही तिघे मित्र सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला जातो. पानशेत, मुळशीचा फुगवटा, कधी दौंडकडे भीमेवर. आजवर सगळे काठावरूनच. आता बोट घ्यायची आहे. अमेरिकेतल्या भावाचे म्हणणे, ड्रिफ्ट बोटच घ्या. इथला दुकानदार फुगवायची राफ्ट दाखवतो. पुढेमागे कोलाडच्या कुंडलिका नदीवरही जायचे आहे. काय घ्यावे?
— वाचक, वारजे

उत्तर : तुम्ही राफ्ट घ्या. भावाचे म्हणणे त्याच्या नद्यांपुरते बरोबर आहे. ड्रिफ्ट बोटीचा घाट ओरेगॉनमधल्या मॅकेंझी नदीवर घडला. तळ सपाट, दोन्ही टोके वर उचललेली, बाजू बाहेर कललेल्या. वल्हेकरी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून बसतो आणि वल्ही मागे ओढत बोटीचा वेग पाण्याच्या वेगापेक्षा कमी ठेवतो. त्यामुळे गळ टाकणाऱ्याला काठालगतची प्रत्येक जागा नीट हाताळायला वेळ मिळतो. तळाला लांबीत बाक असल्याने बोट जागच्या जागी वळते. सकाळी एका ठिकाणी पाण्यात सोडायची, दिवसभर वाहत्या पाण्याबरोबर खाली जायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी बाहेर काढायची, अशी तिची रीत.

पुणे जिल्ह्यात असा लांब, अखंड वाहता पट्टा मिळणे अवघड. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना फळ्या लागतात आणि नदी एकापाठोपाठ एक डोहांत विभागली जाते. तुम्ही लिहिलेल्या जागांपैकी दोन तर धरणांचेच फुगवटे आहेत. साठलेल्या पाण्यात ड्रिफ्ट बोटीचा तोच बाक नडतो. बोट सरळ रेषेत राहत नाही, वाऱ्याने भिरभिरते आणि निम्मे श्रम ती सरळ ठेवण्यातच जातात.

त्याहून मोठी अडचण काठावर आहे. १५-१६ फुटी फायबरग्लासची ड्रिफ्ट बोट रिकामी असतानाच साधारण १५० ते २०० किलो भरते. तिला ट्रेलर लागतो आणि ट्रेलर पाण्यापर्यंत नेण्यासाठी दोन्ही टोकांना पक्का उतार लागतो. आपल्याकडे घाटाच्या पायऱ्या असतात, नाहीतर पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला गाळ. जानेवारीनंतर फुगवट्याच्या काठी हा गाळ जागोजागी गुडघाभर असतो. तिथे १८० किलोची बोट अडकली तर तिघांनी ओढून निघणार नाही. १३ फुटी राफ्टचे नळे ५०-६० किलोचे आणि चौकट साधारण ४० किलोची, पण दोन्ही वेगवेगळ्या उचलता येतात. गाडी पन्नास पावले मागे राहिली तरी काम अडत नाही. घरी ठेवायचा प्रश्नही आहेच, कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रेलरला जागा कोण देणार?

घेताना पुढील गोष्टी पाहा. तिघांसाठी १३ ते १४ फूट लांबी. बाहेरच्या नळ्याला किमान चार वेगवेगळे हवेचे कप्पे, म्हणजे एक फाटला तरी बाकीचे तारतात. कापड ११०० डेनियरच्या (धाग्याच्या जाडीचे माप) आसपासचे आणि सांधे वेल्ड केलेले. स्वस्त राफ्टचे सांधे नुसते चिकटवलेले असतात आणि उन्हाळ्यात तेच आधी सुटतात. तळ ड्रॉप-स्टिच प्रकारचा घ्या. त्याच्या आत हजारो धाग्यांनी वरचा आणि खालचा थर बांधलेला असतो, म्हणून तो ८ ते १० पीएसआयला (हवेच्या दाबाचे एकक) फुगवता येतो आणि उभे राहून गळ टाकण्याइतका टणक होतो. तळाला पाणी निचरायची भोके असावीत. धातूची चौकट, पुढे मांडी टेकायला कडे असलेली बैठक आणि मधे वल्हेकऱ्याची बैठक हवी. ही चौकट नसेल तर तुम्ही घेतलेली वस्तू पर्यटकांना फिरवायची राफ्ट आहे, मासेमारीची नाही. वल्ही ९ फुटांच्या आसपास, त्यांचा साधारण एक तृतीयांश भाग वल्हे अडकवायच्या कडीपासून आतल्या बाजूला. एक जादा वल्हे बांधून ठेवाच.

राफ्टचे तोटेही सांगतो. ती उंच बसते, त्यामुळे वारा तिला ढकलतो. तिचे घर्षण जास्त, म्हणून वल्हे थांबले की राफ्ट थांबते, घसरत पुढे जात नाही. मुळशीला सकाळी पाणी काचेसारखे असले तरी दुपारी वारा उठतो. म्हणून निघताना आधी वाऱ्याच्या उलट दिशेने वर जा, म्हणजे थकल्यावर परतताना वारा मदतीला येईल. हा क्रम उलटा झाला तर चार वाजता समोरच्या काठावर अडकून पडाल.

कुंडलिकेबद्दल. मुळशी धरणाचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे उतरते आणि पुढे कुंडलिकेत सोडले जाते. कोलाडचे राफ्टिंग याच सोडलेल्या पाण्यावर चालते. पाणी सुटले की पातळी झपाट्याने चढते, म्हणून पाणी सोडण्याची वेळ माहीत नसताना पात्रातल्या खडकावर उभे राहून गळ टाकू नका. पहिल्या फेऱ्या तिथल्या राफ्टिंगवाल्यांबरोबर करा. धारेला तिरके, ३० ते ४५ अंशांवर राफ्ट धरून मागे वल्हवत काठ बदलणे हाताला बसेपर्यंत स्वतःची राफ्ट तिथे उतरवू नये.

कुंडलिकेचा बेत मनातून काढून टाकलात, तर मात्र आमचे उत्तर बदलते. निव्वळ फुगवट्यासाठी १२ फुटांची सपाट तळाची, सरळ कण्याची साधी होडी राफ्टपेक्षा आणि ड्रिफ्ट बोटीपेक्षाही चांगली चालते. ती तुम्ही तिघे उचलू शकाल इतपतच जड असावी. आणि बोट कोणतीही असो, जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना आधी भेटा. पाण्याखालची झाडांची खोडे आणि पसरलेली जाळी कुठे आहेत हेही तेच सांगू शकतात.

प्रश्न : एप्रिलमध्ये पहाटे राफ्ट नीट दाबाने फुगवली होती. दुपारी जेवायला काठावर ओढून ठेवली. तासाभराने मोठा आवाज होऊन दोन कप्प्यांमधला पडदा फाटला. राफ्ट सदोष होती का?
— वाचक, दौंड

उत्तर : सदोष असेलच असे नाही. पहाटे १५ अंश तापमानाला तुम्ही २.५ पीएसआय हवा भरली, असे धरू. पुण्याच्या उंचीवर वातावरणाचा दाब सुमारे १३.७ पीएसआय असतो, म्हणजे आतला एकूण दाब १६.२. उन्हात गडद रंगाच्या नळ्यातली हवा ५० अंशांवर गेली, तर एकूण दाब १८ च्या वर जातो. त्यातून बाहेरचा १३.७ वजा केला की गेजवर ४.५ च्या आसपास दिसेल. हवा एक फुंकरभरही वाढलेली नसताना दाब पावणेदोन पट होतो. पाण्यात असताना नदी नळे थंड ठेवते. काठावर ती सोय नसते.

म्हणून राफ्ट बाहेर ओढताच प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा. नळा अंगठ्याने दाबल्यावर सहज खोलगट झाला पाहिजे. पाण्यात परत घातल्यावर दहा मिनिटे थांबा, नळे थंड झाले की पुन्हा भरा. धरणाच्या तळातून सोडलेल्या गार पाण्यात तर पहाटेही नळे सैल पडतात, तेव्हा ही दुसरी भरणी चुकवू नका. काही राफ्टना जादा दाब आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह असतो, पण बहुधा तो फक्त तळाला असतो. तो आहे म्हणून नळ्यांबाबत निर्धास्त राहू नये.

पडदाच का फाटला, याचे आणखी एक कारण असू शकते. एक कप्पा पूर्ण टणक करून मगच दुसऱ्याकडे वळले, तर मधला पडदा रिकाम्या बाजूला ताणला जातो. आधी सगळे कप्पे निम्मे भरा, मग फेरी मारत थोडे थोडे वाढवा, शेवटी तळ. टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर इथे कामाचा नाही. त्याचा दाब जास्त पण हवेचा पुरवठा तोकडा, त्यामुळे राफ्ट भरेपर्यंत तोच तापून बंद पडतो. ढकलताना आणि ओढताना, दोन्ही वेळा हवा देणारा हातपंप आणि दाब मोजायचा गेज घ्या. पडदा घरी दुरुस्त होत नाही. त्यासाठी नळा उघडावा लागतो.

प्रश्न : भीमेच्या काठी वेड्या बाभळीचा काटा नळ्यात घुसला. पंक्चरवाल्याकडून पॅच लावून घेतला, तो दोन फेऱ्यांत निघाला. आता काय करावे?
— वाचिका, चिंचवड

उत्तर : सायकलच्या ट्यूबचे सोल्यूशन रबरासाठी असते. तुमची राफ्ट पीव्हीसीची असणार आणि पीव्हीसीवर ते धरत नाही. पीव्हीसीला दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद लागतो, म्हणजे गोंद आणि त्यात मिसळायचा हार्डनर. राफ्ट हायपॅलॉनची (एक कृत्रिम रबर) असेल तर गोंदही वेगळा, हायपॅलॉनसाठीचा. ओळख साधी आहे. पीव्हीसी आतून-बाहेरून गुळगुळीत, प्लॅस्टिकसारखे चकचकीत असते. हायपॅलॉन मंद रंगाचे असते.

आधी गळती नक्की कुठे आहे ते शोधा. अंघोळीच्या साबणाचे पाणी नळ्यावर फिरवा. सुरुवात व्हॉल्व्हपासून करा, कारण वाळूचा कण अडकलेला व्हॉल्व्हही पंक्चरसारखाच वागतो. काटा आत मोडलेला असेल तर तो काढा, नाहीतर पॅचखालून पुन्हा टोचेल. हवा पूर्ण सोडून तो भाग सपाट फळीवर पसरा. जुन्या सोल्यूशनचा अंशही राहू देऊ नका. त्याच कापडाचा पॅच कापा, भोकाच्या सर्व बाजूंनी ५ सेंटिमीटर मोठा, कोपरे गोल. टोकदार कोपरा आधी उचलला जातो. पॅच आणि नळा दोन्ही एमईके (एक ज्वलनशील द्रावक) किंवा ॲसिटोनने पुसा. मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, जवळ ज्योत नसताना. त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका, हाताचे तेलही पुरेसे असते.

गोंदाचा पातळ थर दोन्हीकडे द्या आणि वाळू द्या. दुसरा थर दिल्यावर १०-१५ मिनिटे थांबा. बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श केल्यावर चिकटपणा जाणवावा, पण गोंद बोटाला येऊ नये. आता पॅच एका कडेपासून टेकवत जा आणि चमच्याच्या पाठीने मधून बाहेर जोरात घासा. वर वजन ठेवून २४ तास राफ्टला हात लावू नका.

हे सगळे जुलैत करू नका. हवेत दमटपणा असला की गोंदावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा बसतो आणि पॅच आठवड्यात सुटतो.  नदीवर तात्पुरत्या सोयीसाठी टिअर-एडची स्वतःच चिकटणारी पट्टी जवळ ठेवा. पीव्हीसीसाठी बी प्रकार, हायपॅलॉनसाठी ए. आणि शिंगाळा गळाला लागला तर त्याला नळ्यावर आपटू देऊ नका. त्याचा पंखाचा काटा पातळ राफ्टला बाभळीइतकाच वाईट.

प्रश्न : माझा फायबरग्लासचा छोटा कारखाना आहे. ड्रिफ्ट बोट स्वतः बांधता येईल का?
— वाचक, भोर

उत्तर : येईल. लांबी १५ फूट, तळाची रुंदी मध्यावर ४ फूट आणि काठाशी ६ फुटांच्या पुढे, म्हणजे बाजू चांगल्या बाहेर कलल्या पाहिजेत. कल कमी ठेवलात तर धारेत बाजूवरून पाणी आत येईल. या बोटीला आपोआप निचरा नसतो हे लक्षात घ्या. ४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद तळावर १० सेंटिमीटर पाणी साचले की बोट ४८० किलोने जड होते आणि वल्ह्यांना दाद देत नाही. म्हणून दोन्ही टोकांना बंद फोमचे तरंगकप्पे भरा. प्लायवर बांधणार असाल तर आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या आणि इपॉक्सी वापरा. पॉलिएस्टर रेझिन लाकडावरून कालांतराने सुटते. आपला कातळ बेसाल्टचा, धारदार कडांचा, तेव्हा तळाला जादा थर देऊन वर ग्रॅफाइट मिसळलेले इपॉक्सी फासा. त्यामुळे बोट खडकावर अडकण्याऐवजी घसरते.

प्रश्न : बंधाऱ्यावरून पाणी पातळसेच वाहत असते. राफ्ट त्यावरून उतरवता येईल का? आणि प्रवाहात नांगर टाकावा का?
— वाचक, हडपसर

उत्तर : बंधाऱ्यावरून कधीही नाही. सांडव्याखाली पडलेले पाणी तळाशी जाऊन पृष्ठभागावरून परत भिंतीकडे फिरते. त्या फेऱ्यात सापडलेली राफ्ट आणि माणूस, लाइफ जॅकेट असूनही, पुन्हा पुन्हा भिंतीखाली ओढले जातात. वरून पाहिले तर फक्त एक सरळ रेघ दिसते, म्हणून ती जागा फसवी. निघण्याआधी नकाशावर बंधारे खुणावून ठेवा, भिंतीच्या किमान १०० मीटर वर काठाला लागा आणि राफ्ट उचलून खाली न्या. काठावर उतरायला जागा नसेल तर त्या पट्ट्यात जाऊच नका.

नांगर संथ डोहात, १० ते १४ किलोचा, फक्त मागच्या टोकावरून. बाजूला बांधला तर प्रवाह बोट आडवी करून उलटवतो. दोरीला बांधलेला दगड आपल्याकडे सर्रास वापरतात, पण तो कातळाच्या भेगेत अडकतो. त्यामुळे दोरीचे बोटीकडचे टोक गाठ न मारता क्लीटमध्ये (दोरी अडकवायच्या खाचेत) मोकळे ठेवा, म्हणजे अडकल्यावर एका झटक्यात सोडून देता येईल, आणि वल्हेकऱ्याच्या जॅकेटवर हाताशी सुरी असू द्या. वाहत्या धारेत नांगर टाकूच नका. तिथे थांबायचे असेल तर मागे वल्हवा किंवा खडकाच्या आडोशाच्या संथ पाण्यात शिरा.