टाकीतल्या पाण्याशी जुळलेलं मॉडेल बोटीवर का फसतं

इलेक्ट्रिक फेरीबोटीच्या कन्व्हर्टरचं (मोटरला हवी तशी वीज करून देणाऱ्या उपकरणाचं) कूलिंग मॉडेल नाशिकजवळच्या अंबडमधल्या चाचणीशी एका अंशात जुळतंय, तरी प्रोजेक्टचे परीक्षक समुद्राच्या पाण्याबद्दल का विचारतात, असं तुम्ही लिहिलंय. वाचून मला माझाच एका वर्षीचा जानेवारी महिना आठवला.

लॉस (उष्णता होऊन वाया जाणारी वीज) काढणं, पाण्याचा फ्लो ठरवणं तुम्हाला येतंच, त्यात जात नाही. गोची एकाच ठिकाणी आहे: कन्व्हर्टरला येणारं पाणी तुम्ही २५ अंशांवर कायम धरलंय. मीही तेच केलं होतं. ५०० किलोवॉटचा कन्व्हर्टर, कार्यक्षमता ९७.५ टक्के, म्हणजे १२.५ किलोवॉट उष्णता. नाशिकची थंडी, दहा हजार लिटरची टाकी, पाणी साधारण २० अंश. तासाभरात टाकी जेमतेम एक अंश चढली. आलेख इतके सुंदर जुळले की कुणी शंकाच घेतली नाही.

बोटीवर टाकी नसते. तिथे गोड्या पाण्याचं छोटं बंद सर्किट असतं आणि ते एक्स्चेंजरमधून, म्हणजे दोन पाणी न मिसळता उष्णता इकडून तिकडे देणाऱ्या उपकरणातून, समुद्राच्या पाण्याने गार होतं. जहाजांची बांधणी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थांच्या नियमांत निर्बंध नसलेल्या प्रवासासाठी समुद्राचं पाणी ३२ आणि हवा ४५ अंश धरतात. एक्स्चेंजरचे चार अंश मिळवा, कन्व्हर्टरला ३६ चं पाणी मिळतं. माझ्या चाचणीपेक्षा १६ अंश जास्त. त्याच सर्किटवर मोटर असेल तर तांब्याचा रोध अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे तेवढ्याच करंटला तांब्यातला लॉस सहा टक्क्यांनी वाढला. ती उष्णता पुन्हा त्याच पाण्यात. हे चक्र माझ्या मॉडेलमध्ये नव्हतंच. मे महिन्यात धक्क्याला लागताना कन्व्हर्टरने स्वतःहून पॉवर कमी केली. एक्स्चेंजर बदलायला पाइप कापावे लागले, सात महिने गेले.

मोठ्यांनाही हे भोगावं लागलंय. ब्रिटिश नौदलाच्या टाइप ४५ विनाशिकांवर गरम समुद्रात गॅस टर्बाइनचा इंटरकूलर-रिक्युपरेटर (हवा गार करणारा आणि बाहेर जाणारी उष्णता परत वापरणारा भाग) कमी पडला आणि जहाजांची वीज गेली. २०१६ मध्ये त्यांच्या संसदेच्या संरक्षण समितीपुढे हे आलं. शेवटी जास्त ताकदीचे डिझेल जनरेटर बसवायचं ठरलं.

आता एक तक्रार. एक्स्चेंजर देणाऱ्या कार्यालयाकडे पार्ट-लोडचे, म्हणजे पूर्ण क्षमतेपेक्षा कमी भारावरचे, आकडे मागितले, तर तीन महिने फोनवर "पाठवतो साहेब" आणि हाती आलं फुल लोडचं एक पान. माझं ठाम मत: पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या, पैसे दिल्यावर कुणी विचारत नाही.

मॉडेलबद्दल आणखी एक: कन्व्हर्टरमधल्या सेमीकंडक्टरच्या डेटाशीटमधलं फॉस्टर नेटवर्क (तापमान कसं चढतं ते आकड्यांत बसवणारी गणिती साखळी) थेट हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, मॉडेलला जोडू नका, आधी कॉअरमध्ये (खऱ्या थरांप्रमाणे मांडलेल्या साखळीत) बदला. नाहीतर उष्णता सिंकवर तत्क्षणी पोचलेली दिसते. पाण्यात ग्लायकॉल (गोठू नये म्हणून घालतात ते द्रव) अर्धं-अर्धं मिसळणार असाल तर पाण्याची उष्णताधारकता अंदाजे पाचव्या हिश्श्याने घटते, तेही धरा.

माझा अनुभव छोट्या फेरीबोटींपुरता आहे. युद्धनौका किंवा मोठ्या बॅटरीच्या बाबतीत तुमच्या गाइडचं म्हणणं आधी ऐका.

परीक्षकांना दाखवायला समुद्र गाठायची गरज नाही. मोठी टाकी बंद करा, ५०० लिटरचा ड्रम लावा. कन्व्हर्टर माझ्याएवढाच असेल तर त्याच्याच उष्णतेने पाणी २५ वरून ३६ ला साधारण अर्ध्या तासात जाईल. त्या अर्ध्या तासाचा आलेख मॉडेलला काढायला लावा.