देशी गायक, लोकगायक की दिग्गज?

विचारणा अशी आहे. जॉनी कॅश या अमेरिकन गायकाच्या १९९४ सालच्या 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' या अल्बमवर एक वाचक मराठीत लेख लिहीत आहेत. 'व्हेटरन कंट्री सिंगर' (कंट्री हा अमेरिकेतला गाण्याचा एक प्रकार) याला त्यांनी 'दिग्गज देशी गायक' असे योजले. मित्राने 'देशी' खोडून तिथे 'लोकगायक' केले. यातले बरोबर कोणते, आणि 'अल्बम' हा तो की ते?

आधी त्या 'दिग्गज'चे बघू, कारण बातम्यांमध्ये रोज ऐकून आता असह्य झाले आहे. साठी उलटली की नट दिग्गज, गवई दिग्गज, फलंदाजीचा प्रशिक्षकही दिग्गज. दिग्गज म्हणजे आठ दिशा तोलून धरणारे हत्ती. पूर्वेचा ऐरावत त्यांतलाच. या शब्दात भार आहे, वय नाही. तिशीतला माणूस दिग्गज असू शकतो आणि ऐंशीचा नसू शकतो. 'व्हेटरन'मध्ये मात्र वयच आहे. लॅटिनमध्ये 'वेटुस' म्हणजे जुना, आणि त्याचे मूळ 'वर्ष' या अर्थाचे. आपले वत्सर, संवत्सर त्याच मुळाचे. वर्षभराचे ते वत्स, आणि त्यावरून आपले वासरू. गोठ्यातले वासरू आणि ६२ वर्षांचा कॅश शब्दकुळाने एक! १९८६ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने करार संपवल्यावर बाजूला पडलेल्या आणि रिक रुबिन या निर्मात्याने नुसत्या गिटारीसह पुन्हा गायला बसवलेल्या त्या माणसाला 'जुनाजाणता' म्हणा. तो मराठी शब्द नेमका बसतो.

आता 'देशी'. हा शब्द खोडायला नको होता.

'कंट्री'चा 'काउंट'शी, म्हणजे सरदाराशी संबंध आहे असे ठामपणे सांगणारे बरेच भेटतात. तो संबंध 'काउंटी'चा. 'कंट्री' आला आहे लॅटिन 'कोन्त्रा'वरून, म्हणजे 'समोर, विरुद्ध बाजूला'. त्यापासून 'कोन्त्राता': बघणाऱ्याच्या समोर पसरलेली जमीन. जर्मनांनी हाच विचार आपल्या भाषेत उतरवून 'गेगेन', म्हणजे समोर, या शब्दापासून 'गेगेंड', म्हणजे मुलूख, घडवला. मुलखाची व्याख्या नकाशावरून झालेली नाही. उंबऱ्यात उभे राहून समोर जे दिसते, तो मुलूख.

आणि 'देश'? धातू 'दिश्', म्हणजे दाखवणे. दिशा, निर्देश, आदेश, उपदेश, सगळे त्याचेच. (आपला दिग्गजही, पण त्याला आता बाजूला ठेवू.) तिकडे डोळ्यांसमोर आहे ते 'कंट्री', इकडे बोटाने दाखवले ते 'देश'. दोन्ही शब्दांत कुणीतरी उभा आहे आणि बघतो आहे. राज्य, राष्ट्र या शब्दांत सत्ता आहे. या दोघांत नजर आहे.

माझे मत पुढे असे की मराठीने हे बोट अजून खाली घेतलेले नाही. माझी आजी कोकणातली. कोणी कोल्हापूरकडे नोकरीला गेला की ती हातातले काम न सोडता हनुवटी सह्याद्रीकडे उचलायची आणि म्हणायची, "तो वर देशावर गेला." आमचे गावही भारतातच होते, पण तिच्या लेखी 'देश' म्हणजे घाट चढून गेल्यावरचा, हनुवटीने दाखवता येणारा मुलूख. शब्दाचा मूळचा हावभाव त्या एका वाक्यात जिवंत होता.

संगीतात तर 'देशी' हा पारिभाषिक शब्दच आहे. मतंगाच्या 'बृहद्देशी' या जुन्या संस्कृत संगीतग्रंथात देशीची व्याख्या आहे: स्त्रिया, मुले, गुराखी (मुळात 'गोपाल') आणि राजे आपापल्या देशात स्वेच्छेने, अनुरागाने जे गातात ते देशी. त्यातला 'गोपाल' वाचा आणि अमेरिकेतल्या काउबॉयची गाणी आठवा. याहून चपखल शब्द कुठून आणायचा?

'लोकसंगीत'वाल्यांचा युक्तिवाद मला माहीत आहे. बिलबोर्ड हे अमेरिकन संगीत साप्ताहिक १९४९ पर्यंत या रेकॉर्डींची यादी 'फोक', म्हणजे लोकसंगीत, या नावाने छापत होते. 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नाव त्या वर्षी आले. शिवाय खुद्द या अल्बमला ग्रॅमी हे अमेरिकेतले संगीत पारितोषिक मिळाले तेही समकालीन फोक विभागात. मला हे पटत नाही. पारितोषिकाचा विभाग म्हणजे व्याख्या नव्हे. लोकगीताला सांगता येण्याजोगा कर्ता नसतो. इथे लेनर्ड कोहेन, टॉम वेट्स, निक लो, ग्लेन डॅन्झिग अशा तेव्हा हयात असलेल्या गीतकारांची गाणी आहेत, काही कॅशची स्वतःची. जुन्या लोकगाण्यांतून आलेली दोनच: काउबॉयचे 'ओ, बरी मी नॉट', आणि 'डीलियाज गॉन', १९०० सालच्या नाताळात जॉर्जियातल्या सॅव्हाना शहरात झालेल्या एका खुनावरचे. दोन गाण्यांसाठी गायकाला लोकगायक करायचे का? कॅश हा अर्कान्सामधल्या डायस वसाहतीतल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला. लहानपणी स्वतः कापूस वेचलेला. त्याच्या आवाजात तो समोरचा मुलूख आहे, आणि 'देशी' तेवढेच सांगतो.

कुणी 'ग्रामीण संगीत' सुचवतात, ती सूचना तर शहरी माणसाने खिडकीतून केलेली आहे. 'कंट्री'त गाव कमी लेखलेले नाही, 'ग्रामीण'मध्ये ते होते.

राहता राहिली शेवटची हरकत: 'देशी' म्हटले की दारूच आठवते. आठवो. अबकारी खात्याने एक अर्थ घेतला म्हणून आपण बाकीचे टाकून द्यायचे का? गीतेचे मराठीत रूप उभे करून झाल्यावर ज्ञानदेवांनी आपल्या कामाला 'देशीकार लेणें' म्हटले. देशी शब्दांनी घडवलेला दागिना. ज्या शब्दाला ज्ञानेश्वरीत दागिन्याचा मान आहे, तो कॅशच्या गिटारीला कमी कसा पडेल? तुमच्या लेखात 'जुनाजाणता देशी गायक' बिनधास्त ठेवा. पहिल्या उल्लेखाला शेजारी 'कंट्री' लिहिले की गोंधळ होणार नाही.

अल्बमचे राहिलेच: तो अल्बम, नवा अल्बम, दोन अल्बम. आणि एकट्या सुट्या गाण्याला 'अल्बम' म्हणू नका.