शाळेच्या वाटेवरचं देशी दारूचं दुकान: रात्रीचं सोडा, सकाळचं मागा

ताई, तुमचा प्रश्न असा: सोलापुरात पूर्व भागात मुलांच्या शाळेच्या वाटेवर देशी दारूचं दुकान आहे, सकाळी मुलं जातात तेव्हा तिथं गर्दी असते. 'दुकान रात्री नऊला बंद करा' असं निवेदन पालकांनी तयार केलंय, ते कुणाकडे द्यायचं? शाळा व्यवस्थापन समितीत बरीच वर्षं काम केल्यामुळे या अर्ज-सुनावण्यांतून मी गेलेली आहे. निवेदन कुणाला द्यायचं हे सांगतेच, पण आधी त्यातली मागणी बदला.

रात्री नऊला तुमची मुलं घरात असतात. मुलांचा आणि दुकानाचा संबंध येतो तो शाळा भरताना आणि सुटताना. देशीच्या दुकानाला, म्हणजे सीएल-3 परवान्याला, सकाळी आठपासून उघडायची मुभा आहे आणि महापालिका हद्दीत ते रात्री अकरापर्यंत चालतं. वाइन शॉप दहाला उघडतं, साडेदहाला बंद होतं. आता शाळेकडे बघा. फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयानं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं. मुलांची झोप व्हावी म्हणून घेतलेला तो निर्णय मला मनापासून पटतो. पण त्यामुळे सगळ्यात लहान मुलं नेमकी आठ ते नऊच्या दरम्यान रस्त्यावर असतात, म्हणजे गुत्त्याची पहिली गर्दी असते तेव्हा. आणि देशीच्या दुकानात तिथंच बसून प्यायला परवानगी असते, वाइन शॉपमधून फक्त सीलबंद बाटली नेता येते. म्हणून देशीच्या दुकानासमोर माणसं थांबतात, बसतात, कधी पडतात, आणि त्यांच्या बाजूनं दप्तर घेऊन पोरं जातात. हे रोजचं आहे आणि मुलांना ते रोजचं वाटू लागतं, याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

म्हणून मागणी अशी लिहा: शाळेच्या दिवशी दुकान सकाळी दहाच्या आधी उघडू नये, आणि शाळा सुटते त्या सुमारास एक तास विक्री बंद असावी. शाळेची वेळ मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानं जोडा. उन्हाळ्यात आपल्याकडे शाळा सकाळच्या होतात, तेव्हाची वेळही वेगळी द्या.

ही मागणी काही जगावेगळी नाही. तमिळनाडूत मे 2016 मध्ये जयललितांनी सरकारी दारू दुकानं सकाळी दहाऐवजी दुपारी बाराला उघडण्याचा आदेश काढला. विक्रीचे तास कमी करणं हा दारूचे दुष्परिणाम आटोक्यात आणायचा कमी खर्चाचा आणि परिणामकारक उपाय आहे, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आपल्याच राज्यात 24, 25 आणि 31 डिसेंबरला वेळ वाढवून देणारा आदेश निघतो. उत्सवासाठी वेळ आदेशानं वाढते, तर शाळेसाठी ती कमी का होऊ नये? हा प्रश्न निवेदनात जसाच्या तसा घाला. सुनावणीत याला सरळ उत्तर देणं अधिकाऱ्यांनाही अवघड जातं.

आता अंतराचा मुद्दा, कारण 'शाळेपासून इतक्या मीटरच्या आत दुकान नको' असं सगळेच सांगत असतात. सर्वसाधारणपणे 75 मीटर धरलं जातं, पण तुमच्या दुकानाच्या परवान्याला कोणता आकडा लागू आहे ते राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या निरीक्षकांकडून लेखी घ्या. खरी गोम मोजण्यात आहे. अंतर नकाशावरच्या सरळ रेषेत मोजत नाहीत. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून, माणूस ज्या जवळच्या वाटेनं पायी जाईल त्या वाटेनं, शाळेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजतात. शाळेला कुंपण नसेल तर इमारतीच्या दारापर्यंत. त्यामुळे दुकानदाराचं दार कोणत्या बोळात उघडतं आणि शाळेचं जवळचं फाटक कोणतं, यावर सगळं ठरतं. शाळेचं मागचं फाटक कुलूप लावून ठेवलेलं असेल तरी ते मोजणीच्या वेळी दाखवा.

दोन गोष्टींसाठी मनाची तयारी ठेवा. शिकवणी वर्ग या नियमात 'शैक्षणिक संस्था' धरत नाहीत, मान्यताप्राप्त शाळा आणि संलग्न महाविद्यालयंच धरतात. आणि दुकान आधीचं, शाळा नंतरची असेल तर अंतराच्या मुद्द्यावर परवाना जात नाही. आपल्याकडचे देशीचे परवाने बहुतेक जुने आहेत. 1970 च्या दशकापासून राज्यानं देशी दारू आणि वाइन शॉपचे नवे परवाने देणं थांबवलंय, जुनेच विकले जातात आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी हलतात. म्हणून माहिती अधिकारात परवान्याची प्रत, आताच्या जागेला मंजुरी कधी मिळाली तो आदेश, आणि तेव्हाचा अंतराचा नकाशा मागा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. दुकान स्थलांतर होऊन आलेलं असेल आणि शाळा तेव्हा तिथं होती, तर तुमची बाजू फार बळकट आहे. 2017 साली महामार्गालगतच्या दुकानांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं गदा आली, तेव्हा बरीच दुकानं वस्तीत शिरायला बघत होती, त्या वर्षाच्या आसपासचा जागेच्या मंजुरीचा आदेश असेल तर तो बारकाईनं वाचा.

अंतराच्या नियमात दुकान बसत असेल तर वेळ हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठीच मागणी नेमकी हवी. वेळा राज्याच्या नियमांतून आणि परवान्याच्या अटींतून येतात. नगरसेवकाच्या पत्रानं किंवा महापालिकेच्या ठरावानं त्या बदलत नाहीत, त्या पत्राची किंमत पाठिंब्यापुरती. मुख्य निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांना आणि पोलीस आयुक्तालयाला. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 च्या कलम 142 खाली जिल्हाधिकारी दुकान बंद ठेवायला सांगू शकतात, पण ते कलम सार्वजनिक शांततेसाठी आहे. रोजच्या वेळेचा कायमचा बदल हवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी तुमचा प्रस्ताव शिफारशीसह शासनाकडे पाठवावा, असं स्पष्ट मागा. नुसतं 'योग्य ती कारवाई व्हावी' लिहिलंत, तर तसंच गोल उत्तर येतं.

निवेदनाला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडाच. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, म्हणून तिच्या ठरावाला वजन आहे. आपल्या पूर्व भागात कित्येक आयांना मराठीपेक्षा तेलुगू जवळची. विड्या वळता वळता ज्या बाया हे सगळं रोज बघतात, त्यांना ठराव तेलुगूतून वाचून दाखवा आणि मगच सह्या घ्या. सुनावणीला त्या स्वतः बोलल्या, तर माझ्या-तुमच्यासारख्यांच्या भाषणांची गरज उरत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथं मात्र संस्थेच्या लेटरहेडवरचा अर्ज घेत नाहीत. पालक म्हणून स्वतःच्या नावानं, पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्या.

दरम्यान रोजची वही ठेवा. आठच्या आधी दुकान उघडलं, फाटकासमोर पिणारे बसले, शाळेच्या गणवेशातल्या पोराच्या हाती बाटली दिली, प्रत्येक वेळी तारीख, वेळ, फोटो. मुलांचे चेहरे फोटोत येऊ देऊ नका. मुलाला दारू देणं हा बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, 'बापानं पाठवलं होतं' ही सबब चालत नाही. तसं दिसलं तर वहीत लिहून थांबू नका, लगेच 112 ला फोन करा. परवान्याचं नूतनीकरण दर वर्षी 1 एप्रिलपासून होतं, तेव्हा वहीतल्या नोंदी जानेवारी-फेब्रुवारीतच अधीक्षकांकडे पोचवा.

तुमच्या गल्लीतले लोक म्हणतील, 'हे बंद केलं तर हातभट्टी येईल.' ही भीती खोटी नाही. मुळेगाव तांड्याची हातभट्टी जिल्ह्याला माहीत आहे, आणि 2021 मध्ये तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतलं ते यासाठीच, धाडींबरोबर त्या कुटुंबांना दुसरा धंदा मिळावा म्हणून. पण आपण दुकान बंद करा म्हणत नाही, दोन तास उशिरा उघडा म्हणतोय.

आणि सकाळी आठला तिथं उभं कोण असतं हेही बघा. रात्रपाळी करून आलेला यंत्रमाग कामगार असतो, आणि घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरायचे थांबत नाहीत असा आजारी माणूस असतो. त्यातले काही याच शाळेतल्या मुलांचे वडील आहेत. त्यांना हाकलायची भाषा निवेदनात नको. अशा माणसाची दारू अचानक तुटली तर जिवावर बेतू शकतं, त्याला डॉक्टर लागतो. शाळेच्या फलकावर नशामुक्तीचा 14446 हा क्रमांक लावा, आणि घरच्यांनी त्याला सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्यावं म्हणून मागे लागा.

सगळं करूनही दाद लागली नाही, तर 2008 च्या आदेशातला 'आडव्या बाटली'चा, म्हणजे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेण्याचा, मार्ग आहे. प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की सह्यांची पडताळणी आणि मग गुप्त मतदान होतं. पण आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसत्या मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. शहरात एवढ्या बायका एका दिवशी घराबाहेर काढणं फार कठीण. विडी कारखान्यात माल द्यायचा दिवस असेल तर मतदान बुडालंच समजा. म्हणून मी ते शेवटचं ठेवते, आधी वेळेसाठी लढा.

दुकानाच्या पाटीवर परवान्याचा प्रकार आणि क्रमांक असतो. तो, शाळेच्या दोन्ही वेळा आणि शाळा कोणत्या साली सुरू झाली एवढं कळवा, निवेदनाचा मसुदा मी करून देते.