जुनी शिडाची बोट घ्यायचीय, टॉप-अप लोन काढू का?

नमस्कार दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना वही घेऊनच बसले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ठाण्याचे ४६ वर्षांचे इंजिनिअर आहेत, गोव्यात २८ फुटी फायबरची शिडाची बोट बघून आलेत, ३५ वर्षं जुनी, मालक साडेसहा लाख मागतोय आणि वर म्हणतोय तीन लाख टाकले की बोट पाण्यात. ती दुरुस्त करून, आठ महिने बिनपगारी रजा टाकून यांना मुंबई, गोवा, कोची आणि जमलं तर अंदमान गाठायचंय. नवरा-बायकोचे मिळून हातात १ लाख १५ हजार येतात, त्यात वहिनींचे ३५. होमलोनच्या हप्त्यासकट घरखर्च ७० हजार. एफडी ९ लाख, म्युच्युअल फंडात १४ लाख, त्यातले १० मुलीच्या शिक्षणाचे, मुलगी अकरावीत. एफडी मोडून वर ८ लाखांचं टॉप-अप लोन, म्हणजे चालू होमलोनवरच मिळणारं वाढीव कर्ज, काढू का, असा प्रश्न आहे.

लोन काढू नका. बोटीला मी नाही म्हणत नाहीये, पण या भावात नको आणि यंदा निघायच्या तयारीने तर नकोच.

आधी लोनचं बघा. ८ लाख, साडेनऊ टक्के, दहा वर्षं धरली तर हप्ता साधारण १०,३५० येतो, एकूण परतफेड जवळजवळ साडेबारा लाख, आणि हा हप्ता तुम्ही समुद्रात असाल त्या आठ महिन्यांतही कापला जाणार जेव्हा घरात फक्त वहिनींचा पगार येत असेल. शिवाय टॉप-अप राहत्या घरावर असतं. बोट बुडाली किंवा विकली गेली नाही तरी ते फेडायचंच.

तुमच्या हिशोबात एक आकडा अजिबात नाहीये, तो म्हणजे रजेचा. खर्च ७०, वहिनींचे ३५, म्हणजे महिना ३५ हजारांचा खड्डा, आठ महिन्यांचे २ लाख ८० हजार. हे आधी बाजूला काढा. मग सहा महिन्यांचा घरखर्च ४ लाख २० हजार एफडीतच राहू द्या, त्याला हात लावायचा नाही. मुलीचे १० लाख आणि पीएफ तर विषयच नाही. उरतात किती? एफडीतले ४.८० आणि फंडातले ४, त्यातून रजेचे २.८० गेले की बरोबर ६ लाख. आज बोटीसाठी तुमच्याकडे एवढेच आहेत, आणि मालक नुसत्या बोटीचेच साडेसहा मागतोय.

आता ते तीन लाख. माझ्या एका क्लायंटने अशीच जुनी बोट घेतली होती तेव्हा मी त्यांच्यासोबत यार्डात गेले होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि लाकडी मुठीने डेकवर ठोकत नाळेपासून मागे येत गेले, टण, टण, टण, आणि डोलकाठीच्या बुडाशी आल्यावर एकदम ठप. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज. अशा डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बऱ्याचदा हलकं बाल्सा लाकूड असतं, बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपून ते कुजलं होतं, वरचा रंग मात्र चकाचक. डेक कापून, लाकूड बदलून, पुन्हा फायबर चढवेपर्यंत त्यांच्या दुरुस्तीचा अंदाज दुपटीच्या वर गेला होता.

तारांचंही तसंच. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा बाहेरून चमकतात पण टोकाला जिथे दाबून बसवलेल्या असतात तिथे आतून तडे जातात, म्हणून दहा-पंधरा वर्षांत त्या सरसकट बदलायच्या असतात. मालकाला विचारा शेवटच्या कधी बदलल्या, बिल दाखव म्हणा. बिल नसेल तर नव्या घ्याव्या लागणार असंच धरा. म्हणून सहीच्या आधी स्वतंत्र सर्व्हेअरकडून बोट पाण्याबाहेर काढून तपासून घ्या. यात काटकसर नको, भाव पाडायला तोच रिपोर्ट कामाला येतो. रजिस्ट्रेशनचे कागद मालकाच्या नावावर आहेत का तेही तेव्हाच बघा.

जुन्या बोटीत लांब जाता येतं, त्याबद्दल शंका नाही. सैन्याच्या इंजिनिअर्स कोअरची 'त्रिष्णा' ३७ फुटी होती, जुनीच विकत घेतलेली, आणि १९८५ ते ८७ मध्ये तिने पृथ्वीला फेरी मारली. नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे एकट्याने न थांबता पृथ्वीला फेरी मारायच्या शर्यतीत, दुसरे आले, त्या शर्यतीत तर १९८८ च्या आधीच्या डिझाइनच्याच बोटी चालतात. पण त्या बोटींवर आधी भरपूर काम झालेलं असतं, आणि चालवणारे तयार असतात. तुम्ही लिहिलंय की आत्तापर्यंत दोन वीकेंड शीड हाताळलंय. मुंबई ते गोवा साधारण सव्वादोनशे सागरी मैल, तुमच्या बोटीला सलग दोन दिवस-दोन रात्री, रात्री पहारा कोण देणार? आणि कोचीच्या पुढे अंदमान म्हणजे श्रीलंकेला वळसा घालून बंगालचा उपसागर ओलांडणं, ते पहिल्या सफरीत धरूच नका, खर्चही कमी होईल.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. महिन्याला ४५ हजार उरतात, त्यातले २० मुलीची एसआयपी, २० बोटीच्या वेगळ्या खात्यात, ५ सेलिंग शिकायला. दोन वर्षांत बोटीच्या खात्यात ४ लाख ८० हजार, आजचे ६ मिळवून १० लाख ८०. बोटीला सव्वाचार लाखांच्या वर जायचं नाही, उरलेल्यातून सर्व्हे, यार्डाचं भाडं आणि दुरुस्ती. कामाचा क्रमही ठरवून घ्या, आधी पाणी आत येऊ न देणारं आणि डोलकाठी उभी ठेवणारं सगळं, म्हणजे तळाचे व्हॉल्व्ह, डेक, तारा, सुकाणू, मग इंजिन, मग शिडं. गाद्या, रंग, चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारा स्क्रीन) सगळ्यात शेवटी, आणि खरं सांगते, लोक नेमकं उलटं करतात कारण गादी लगेच दिसते. खात्यात दीड लाख राहिले की काम थांबवायचं, तेवढे वाटेतल्या मोडतोडीला लागतात.

फंडातले ४ लाख एकदम काढू नका. इक्विटी फंड असेल आणि वर्ष उलटून गेलं असेल तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर टॅक्स नाही, वरच्यावर साडेबारा टक्के, तेव्हा थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये काढा. एफडीही मुदत संपेल तशी घ्या, मोडली तर व्याज कापतात. पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी काढून वाचा, साहसी खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात, आणि टर्म इन्शुरन्सवाल्यांना या सफरीबद्दल लेखी कळवा. वहिनींसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

एक गोष्ट मनापासून विचारते. पत्रात मुलीबद्दल, बोटीबद्दल, वाऱ्याबद्दल सगळं आहे, पण वहिनी काय म्हणतात हे कुठेच नाही. आठ महिने घर त्या एकट्या ओढणार आहेत, मुलगी तेव्हा कॉलेजच्या अ‍ॅडमिशनमध्ये असेल. हा हिशोब त्यांच्यासमोर मांडा आणि त्यांचा आकडा वेगळा आला तर तोच धरा.

मालक आत्ता भाव उतरवत नसेल तर घाई करू नका. मे महिन्यात त्याला परत फोन लावा. पावसाळ्याआधी बोट ओढून वर घ्यायची, शाकारायची, चार महिन्यांचं भाडं भरायचं, हा खर्च तेव्हा त्याच्या डोक्यावर असतो. सर्व्हे रिपोर्ट हातात आला की मला पाठवा, डेक आणि तारांची पानं आधी बघू.