तीन माध्यमे, एक हात

प्रश्न : माझी मुलगी उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला आहे. मातीकाम, कापडावरील छपाई आणि काच या तिन्हींची तिला ओढ आहे. घरातील वडीलधारी मंडळी मात्र ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होतील म्हणून काळजीत आहेत. तिच्या सरांनी फिनलंडचे कलाकार ओइवा तोइक्का यांचा दाखला दिला. त्यांना हे कसे साधले? – एक आई, ऐरोली

उत्तर : तोइक्का यांचा जन्म १९३१ मध्ये वीपुरीजवळच्या ग्रामीण भागात झाला, फिनलंडचा हा प्रदेश पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेला. हेलसिंकीत त्यांनी आधी सिरॅमिक्सचेच रीतसर शिक्षण घेतले आणि १९५६ पासून अराबिया या कारखान्यात मातीकाम केले. १९५९ मध्ये मारिमेक्को या फिनिश कापड कंपनीसाठी कापडाच्या नक्ष्या केल्या, त्यानंतर उत्तरेकडील सोदान्क्युला येथे काही वर्षे शिक्षकी केली. काच त्यांच्या आयुष्यात आली ती १९६३ मध्ये, नूतायर्वीच्या काचकारखान्यात, म्हणजे वयाच्या बत्तिशीच्या सुमारास.

वडीलधाऱ्यांची काळजी मला अनाठायी वाटत नाही, परंतु तोइक्कांनी माध्यमे बदलली ती हातातले काम अर्धवट टाकून नव्हे, हे त्यांना अवश्य सांगावे. त्यांची १९६४ ची ‘कास्तेहेल्मी’, म्हणजे दवबिंदू, ही काचेची भांडी पाहा. वितळलेली काच साच्यात दाबून भांडे घडवले की साच्याच्या सांध्यांच्या रेषा त्यावर उमटतात. या रेषा झाकण्यासाठी तोइक्कांनी काचेच्या लहान मण्यांची वर्तुळामागून वर्तुळे रचली आणि त्या मण्यांवर प्रकाश असा खेळू लागला की उणीव झाकण्याचा उपाय हेच त्या भांड्याचे सौंदर्य ठरले. ही युक्ती कागदावर बसून सुचणारी नाही, त्यासाठी साचा आणि भट्टी यांच्याजवळ उभे राहावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

१९७० मध्ये त्यांना स्कँडिनेव्हियन देशांतील डिझायनरांसाठी असलेला लुनिंग पुरस्कार मिळाला. रंगभूमीसाठी नेपथ्य आणि वेशभूषाही त्यांनी केली. मात्र जगभर त्यांची ओळख झाली ती १९७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या काचेच्या पक्ष्यांमुळे. हे पक्षी साच्यात ओतलेले नसून कारागिरांनी नळीने फुंकून घडवलेले असल्यामुळे एकासारखा दुसरा तंतोतंत निघत नाही. तोइक्का २०१९ मध्ये निवर्तले, तोवर या पक्ष्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर गेली होती.

मुलीला सध्या मातीकाम नीट शिकू द्यावे. भट्टीतून तडकून निघालेले भांडे फेकून न देता ते का तडकले, हे तिने वहीत लिहून ठेवावे. आणि आपण ऐरोलीतच राहता, तेव्हा हिवाळ्यात खाडीवर रोहित पक्षी उतरले की तिला चित्रवही घेऊन तेथे जाऊ द्यावे; ती रेखाटने पुढे मातीत उतरतील, कापडावर की काचेत, हे तिला आताच विचारू नये. तोइक्कांच्या हातून काचेचे पक्षी घडू लागले, तेव्हा त्यांनीही चाळिशी गाठली होती.