कूस बदलताना कळ येते, तर प्रसूतीपर्यंत थांबू नकोस

तिसावा आठवडा चालू आहे. रात्री कूस बदलताना ओटीपोटाच्या पुढच्या मधल्या हाडात अशी कळ येते की डोळ्यांत पाणी येतं, जिना चढताना पाय उचलत नाही. घरचे म्हणतात, ‘एवढं सहन करावंच लागतं.’ आणि तू विचारतेस, ‘ताई, मीच नाजूक आहे का?’

अजिबात नाही गं. गरोदरपणात साधारण पाचांपैकी एकीला ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांचं हे दुखणं होतं. पुढचा एक आणि मागचे दोन सांधे एकसारख्या प्रमाणात हलत नाहीत, म्हणून एका पायावर भार आला की कळ उठते. बाळाला यानं इजा होत नाही. पण दुखणं पुष्कळ जणींना होतं म्हणून ते अंगावर काढायचं, हे मला मुळीच पटत नाही. फिजिओथेरपी आत्ताच सुरू कर. जितकी लवकर, तितकं बरं.

तोवर एवढं कर. कूस बदलताना दोन्ही गुडघे वाकवून त्यांच्यामध्ये उशी घट्ट धर, आणि खांदे, कंबर, गुडघे एकदमच वळव. आधी पाय आणि मग धड असं केलंस की कळ येणारच. कपडे बसून घाल. जिना एकेक पायरी चढ, कमी दुखणारा पाय आधी. ओटीपोटाला आधार देणारा पट्टा मात्र मनानं आणू नकोस, फिजिओथेरपिस्टकडून मापाचा बसवून घे.

कळ न येता गुडघे किती फाकतात, हे मोजून प्रसूतीसाठी फाइलवर लिहून ठेव. प्रसूतीच्या वेळी कुशीवर किंवा हातागुडघ्यांवर राहता येतं का, हेही आधीच विचार. केवळ या दुखण्यासाठी सिझेरियन लागत नाही.

बाळंतपणानंतर बहुतेकींचं दुखणं ओसरतं, काहींचं रेंगाळतं. तसं झालं तर पुन्हा फिजिओथेरपिस्टकडे जा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासून घेतल्याशिवाय नुसते आवळण्याचे व्यायाम करू नकोस. ते स्नायू आधीच ताठरलेले असतील तर दुखणं वाढतं. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर तेही तिथेच सांग. त्यांना ते नवीन नसतं, त्यावरही उपचार असतात.

ताप, रक्तस्राव, लघवीला जळजळ, ठरावीक वेळानं येणाऱ्या कळा, पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा सुटणं, एकाच पोटरीला सूज, यातलं काहीही झालं तर फिजिओथेरपीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठ.

पुढच्या तपासणीला ‘थोडं दुखतं’ म्हणू नकोस. ‘कूस बदलता येत नाही, जिना चढता येत नाही, मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवा’ असं स्पष्ट सांग.